एकतीस वेळा ‘नाही’

४ जून

प्रिय आत्या,

‘ही सात वर्षांचीच राहील, पण घरात कायम हसू राहील.’ तू हे बाबांना म्हणालीस तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधायला शिकत होते. छकुली शेजारी होती, नऊ वर्षांची. माझी गाठ सुटू नये म्हणून तिने तिच्यावर बोट दाबून धरलं होतं. वाक्य मला कळलं नाही. बाबांनी कठडा किती घट्ट धरला, ते मात्र आठवतं.

परवा ती अठ्ठेचाळीस वर्षांची झाली. आई गेल्यावरचा पहिला वाढदिवस. आम्ही दोघी बऱ्या आहोत. सकाळी मी तिला कार्यशाळेत सोडते आणि पुढे चष्म्याच्या दुकानात जाते. तिकडे त्या सगळ्याजणी हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरींच्या घड्या घालतात. सहाला दोन्हीकडे सुट्टी होते, मग रस्ता ओलांडून हात धरून घरी.

पत्र लिहायचं कारण वेगळंच. कार्यशाळेच्या वरच्या मजल्यावर चार बायकांनी मिळून राहायचं घर आहे. दोन मदतनीस पाळीपाळीने असतात. एक जागा रिकामी झाली आणि कार्यशाळेच्या बाईंनी छकुलीसमोरच विषय काढला. त्या दिवशी घरी आल्यावर तिने पलंगाखालून आईची निळी बॅग ओढली आणि त्यात उशी भरली. नुसती उशी. मी खूप हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

तिथे जायला नवं प्रमाणपत्र लागतं. जुनं तू केलेल्या चाचणीवरचं, ते आता कोणी धरत नाही. यावेळी चाळीस प्रश्नांची एक प्रश्नावली आली आहे, घरच्या माणसाने भरायची. ती ३० तारखेला मानसशास्त्रज्ञांकडे द्यायची आहे. मी भरलेली प्रत सोबत जोडते. सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र, यांपैकी काय बसेल ते तू बघून सांग. तीव्र आलं तर वरच्या घरात घेत नाहीत, तेवढी माणसं नाहीत त्यांच्याकडे. तसं झालं तर झालं. मला तिचं भलं हवंय, बाकी काही नाही.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं म्हणून हा खटाटोप. तिकीट छकुलीने चिकटवलंय. जरा वाकडं आहे, हसू नकोस.

तुझी,
धाकटी

१२ जून

प्रिय धाकटे,

तिकीट वाकडं नव्हतं, चक्क उलटं होतं. पण पत्र पोचलं, म्हणजे पोस्टाचं काही अडलं नाही.

ते वाक्य फक्त तुझ्या बाबांनी ऐकलं अशी माझी समजूत होती. एकोणचाळीस वर्षं.

मी ते कुठून काढलं ते सांगते, म्हणजे तुला कळेल किती पोकळ होतं. तेव्हा आम्ही ‘मानसिक वय’ काढायचो. छकुलीची उत्तरं साधारण चार वर्षांच्या मुलीसारखी आली, खरं वय नऊ. भागाकार केला, बुद्ध्यांक चव्वेचाळीस. मग मोठेपणी कुठवर जाईल म्हणून मी सोळाने गुणलं. आले सात. तेवढ्या गणितावर मी जिन्यात उभी राहून तुझ्या बाबांना भविष्य सांगितलं, वर हसण्याचा गोडवा लावला. आणि मुळात मी माझ्या भाचीला तपासायलाच नको होतं. दवाखान्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं, हे खरं, पण ते कारण पुरेसं नाही.

सात वर्षांच्या मुलीला अठ्ठेचाळीस वर्षांच्या आठवणी नसतात, आई गेल्याचं दुःख नसतं, गुडघेही दुखत नाहीत. तुलना होती ती एका दिवसाच्या उत्तरांची. आणि आमच्या पुस्तकांत सौम्य-तीव्र अशा पायऱ्यांना काय नावं होती ठाऊक आहे? आज रस्त्यावर भांडताना माणसं एकमेकांना शिव्या म्हणून देतात ना, तीच. आम्ही ती कागदावर सुवाच्य अक्षरात लिहायचो.

आता बौद्धिक अक्षमता म्हणायला तीन गोष्टी लागतात. बुद्धीच्या चाचणीत बरंच मागे असणं, रोजच्या जगण्यातल्या कामांत अडचण येणं, आणि हे सगळं लहानपणापासून असणं. श्रेणी आकड्यावरून ठरवत नाहीत, रोज किती आणि कसली मदत लागते त्यावरून ठरवतात. तुमच्या दुकानात नंबर काढतात तो काच कोणती बसवायची हे कळावं म्हणून. कोणी गिऱ्हाइकाला ‘या, उणे सहा’ म्हणत नाही. आम्ही म्हणत होतो.

म्हणून तू भरलेली ती पानं एवढी महत्त्वाची आहेत. मी भिंग घेऊन वाचली. चाळीसपैकी एकतीस ‘नाही’. गॅस पेटवते का, नाही. एकटी रस्ता ओलांडते का, नाही. आपले कपडे निवडते का, नाही. धाकटे, तिला जमत नाही असं तुला दिसलं, की ती करत नाही असं दिसलं?

एक काम कर. पेन्सिल घे आणि प्रत्येक ‘नाही’च्या पुढे तीनपैकी एक लिही: ‘जमत नाही’, ‘कधी करू दिलं नाही’, ‘मला माहीत नाही’. तिसरं लिहायला लाजू नकोस. माझ्या नोकरीत ते मी फार कमी वेळा लिहिलं.

श्रेणी मला विचारू नकोस. एकदा सांगितली, पुरे झाली.

आत्या

२२ जून

प्रिय आत्या,

आमच्या दुकानात म्हणतात बरं का. ‘ते उणे सहा आलेत, त्यांची फ्रेम काढ.’ तेव्हा तुझा दाखला नापास.

आणि थोडा राग आलाय तो आधी लिहून टाकते. तू लांब आहेस. भिंग घेऊन वाचणं सोपं आहे. बाथरूमचं दार तिने आतून लावून घेतलं आणि उघडता येईना, तेव्हा चाळीस मिनिटं दाराला तोंड लावून मी बोलत होते. ताप आला तर कुठे दुखतंय ते तिला सांगता येत नाही, सगळीकडे हात लावून ‘इथे’ म्हणते. हे तुझ्या पेन्सिलीत कुठे बसवू?

तरी बसले एकदाची, वेगळी प्रत काढून. गॅस: कधी करू दिलं नाही. आई शेगडीचं बटण बंद करायची, शिवाय सिलेंडरचंही, आणि मग पुन्हा जाऊन बघायची. कपडे: कधी करू दिलं नाही. मीच रात्री खुर्चीवर काढून ठेवते, आई ठेवायची म्हणून. घड्याळ: जमत नाही, खरंच नाही, खूप शिकवलं. गोळ्या आपल्या आपण: जमत नाही. अनोळखी माणसाने बोलावलं तर जाते, हे सगळ्यात वाईट. न्हाणं: इथे अडले. दार मी ढकलूनच ठेवते आणि मग तिच्या डोक्यावर पाणी ओतते. ती स्वतः ओतेल का? मला माहीत नाही, आत्या. तिच्या घरात मी चव्वेचाळीस वर्षं राहते आणि मला माहीत नाही.

मोजदाद केली. जमत नाही, नऊ. करू दिलं नाही, सतरा. माहीत नाही, पाच.

एक नोंद तुझ्यासाठी. शनिवारी मी लवकर सुटले आणि कार्यशाळेच्या दारात तिला न दिसेल अशी उभी राहिले. चादरींच्या कडेला रंगीत दोरा असतो, वॉर्डाप्रमाणे. तिथे नवीन आलेली एक बाई हिरवा ढीग निळ्यात टाकत होती. छकुली गेली, काही न बोलता तिचा हात धरून हिरव्या ढिगावर ठेवला. त्या बाईने पुन्हा चूक केली, हिने पुन्हा हात नेऊन ठेवला. पाच वेळा. चिडली नाही. मी तिसऱ्या वेळेलाच चिडले असते.

हे लिहिताना ती समोर बसली आहे. ‘कुणाला?’ विचारते. आत्याला, म्हटलं. ‘मला का नाही पत्र?’ म्हणते. समोरच्याला कोणी पत्र लिहितं का, म्हणून मी हसण्यावारी नेलं.

धाकटी

३ जुलै

प्रिय धाकटे,

तुझ्या रागाचा परिच्छेद दोनदा वाचला. तो खरा आहे, आणि तो प्रश्नावलीत लिहायलाच हवा. जे जमत नाही ते लपवलं तर तिला लागणारी मदत कोण देणार? त्या नऊ ‘जमत नाही’वर चांगलं ठळक लिही. गोळ्या, अनोळखी माणसं, ताप. वरच्या घरातल्या मदतनिसांना तेच आधी माहीत हवं.

आता माझी पेन्सिल. चाचणीच्या दिवशीचं एक कुणाला सांगितलेलं नाही.

तो प्रश्न होता, ‘थंडी वाजली तर काय करशील?’ छकुलीने माझ्याकडे बघितलं. खुर्चीवरून उतरली, जाऊन खिडकी लावली, परत येऊन बसली आणि मला म्हणाली, ‘आता बरं वाटतंय, आत्या?’ नियम होता की उत्तर शब्दांत हवं, आणि स्वतःबद्दल हवं. मी शून्य लिहिलं. पुढचं कार्ड उचललं.

तो गुण दिला असता तर सगळं बदललं असतं असं समजू नकोस. मी नंतर मांडून बघितलंय. श्रेणी तीच येत होती, मध्यम. तिला अक्षमता होती आणि आहे. ती आपल्या चुकीने झालेली नाही आणि आपल्या प्रेमाने जाणारही नाही. पण जिन्यात उभं राहून मी दुसरं काही बोलले असते. ‘हिला दुसऱ्याची थंडी कळते’ एवढं जरी म्हणाले असते, तरी तुझ्या आईने सिलेंडरचं बटण तीनदा तपासलं असतं का?

३० तारीख उलटून गेली. पेन्सिलीचं सगळं मानसशास्त्रज्ञांना दिलंस ना? काय म्हणाले?

आत्या

१५ जुलै

धाकटे, उत्तर नाही. छकुली बरी आहे ना? एक ओळ टाक.

आत्या

२९ जुलै

प्रिय आत्या,

छकुली बरी आहे. माझ्याशी बोलत नाही, पण बरी आहे.

मी पेन्सिलीची पानं दिली नाहीत. पहिली दिली, शाईची, एकतीस ‘नाही’वाली. पेन्सिलीची पर्समध्ये होती, घडी करून, हात लावला की कळत होती.

मानसशास्त्रज्ञ बाई तरुण होत्या, बाहेर रांग होती. छकुली नव्या खोलीत बोलत नाही, सारखी माझ्याकडे बघत होती. त्यांनी पानं उलटली. ‘घरी काहीच करत नाही का हो?’ म्हणाल्या. आणि आत्या, मी ‘नाही’ म्हणाले. बत्तिसावं.

‘तीव्र’ आलं. वरची जागा दुसऱ्या कोणाला देणार आहेत, कार्यशाळेच्या बाईंनी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली आहे फक्त. छकुलीला मी सांगितलं, त्यांनी नाही म्हटलं. तिने बॅगेतून उशी काढली, पलंगावर ठेवली आणि बॅग माझ्या खोलीत आणून माझ्या पायाशी ठेवली. माझ्या. कुणी नाही म्हटलं ते तिला कोणी सांगितलं होतं, मला माहीत नाही.

का केलं ते तू विचारशील. कारण सहाला दुकान बंद झाल्यावर मला कुणाला तरी आणायला जायचं असतं. लग्न केलं नाही ते हिच्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगत आले, आणि लोक मान हलवतात. हिची जागा वर झाली की मग ती चव्वेचाळीस वर्षं कशासाठी होती, हे मला एकटीने बसून ठरवावं लागेल. एवढंच. ‘तिचं भलं’ वगैरे मी पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं आणि तुला ते तेव्हाच कळलं असणार.

अजून एक, ते मी बावीस जूनच्या पत्रातून वगळलं होतं. त्या शनिवारी कार्यशाळेच्या बाई मला म्हणाल्या की रोज दुपारी समोरच्या टपरीवरून सगळ्यांचा चहा छकुली आणते. एकटी. मी म्हटलं, रस्ता? तर म्हणाल्या, ‘दोन्हीकडे बघते, सिग्नल बघते, एवढी वर्षं आणतेय.’ मग घरी येताना माझा हात का धरते, मी विचारलं. बाई जरा अवघडल्या. ‘ती म्हणते, धाकटीला गाड्यांची भीती वाटते.’

वाटायची, आत्या. मी पाच-सहा वर्षांची असताना. शाळेच्या कोपऱ्यावर उभी राहून रडायचे आणि ती मला हाताला धरून पलीकडे न्यायची. तेव्हा मी तिला ताई म्हणत होते. मग वर्गात तिच्या पुढे गेले आणि कधी तरी इतरांसारखी छकुली म्हणायला लागले. तिने हात मात्र सोडला नाही.

आता काय करू?

धाकटी

३ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

उद्या दुकानात रजा टाक. पेन्सिलीची पानं घेऊन त्या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जा आणि सांग, ‘मी चुकीचं भरलं, पुन्हा तपासा.’ कारण विचारलं तर खरं सांग. आकाश कोसळत नाही. कार्यशाळेच्या बाईंनाही तीच प्रश्नावली वेगळी भरायला लाव. एकाच माणसाच्या नजरेवर श्रेणी देणं, हे माझं तेव्हा चुकलं होतं, त्यांचंही चुकलं. आणि तपासणी परक्या खोलीत नको, छकुली रोज काम करते तिथे होऊ दे म्हणावं.

मी त्यांना चिठ्ठी लिहू शकले असते, ओळखीची आहेत माणसं. लिहिणार नाही. नात्यातल्या माणसाने मध्ये पडून काय होतं ते एकदा झालंय.

तुझ्यावर मी रागावलेली नाही. एकटं पडायची भीती वाटणं हा गुन्हा नाही. पण तुझ्या संध्याकाळी भरून काढणं हे तिचं काम नव्हे. त्यासाठी माझ्याकडे ये. मला ऐकू येत नाही, म्हणजे तुला हवं ते बोलता येईल.

आणि पुढचं पत्र मला लिहू नकोस. तिने मागितलंय ना.

आत्या

१८ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तिचं पत्र लिहिते आहे, जमत नाहीये, चार कागद फाडले. तोवर तुला निकाल.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी पानं घेतली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘तुम्ही पहिल्या नाही.’ कार्यशाळेत दोन दिवस येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी तिला वरच्या स्वयंपाकघरात चहा करायला सांगितला. मदतनीस शेजारी उभी होती, मी बाहेर, हात पदरात घट्ट धरून. छकुलीने गॅस पेटवला. तिसऱ्या काडीला, पण पेटवला. साखर विसरली. बाईंनी तसाच प्यायला आणि विचारलं, ‘काही राहिलंय का यात?’ छकुलीने चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि साखरेचा डबा घेऊन आली. बाई लिहीत सुटल्या.

‘मध्यम’ लिहिलंय. त्याखाली पानभर, मदत कुठे लागेल ते: गोळ्या, घड्याळ, अनोळखी माणसं, दुखणं. आणि एक ओळ, तुझ्यासाठी उतरवते: ‘इतरांची गैरसोय पटकन ओळखते, न सांगता मदत करते.’ तुझा एक गुण मिळाला म्हणायचा.

एक तारखेला ती वर जाईल. बॅग मी भरली नाही. तिनेच भरली: उशी, आईची शाल, आणि माझा जुना चष्मा. तो कशाला, विचारलं तर म्हणते, ‘तू आलीस तर.’

धाकटी

२६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

हे पत्र तुला आलंय. पाकिटावर तुझं नाव आहे, बघ. तिकीट मी चिकटवलंय आणि ते सरळ आहे.

मोठ्या अक्षरात लिहिते. कार्यशाळेच्या बाई तुला वाचून दाखवतील, पण ‘ताई’ तू स्वतः वाच. तेवढं तुला येतं, मला माहीत आहे. खूप वर्षांनी लिहिलं, म्हणून जरा वाकडं आलंय.

मी चुकीचं सांगितलं होतं की त्यांनी नाही म्हटलं. मी नाही म्हटलं होतं. तू बॅग माझ्या पायाशी ठेवलीस, ते बरोबर होतं. मला माफ कर.

परवा मी तुमच्या खिडकीखालून गेले. तू खिडकी लावत होतीस. तुमच्यापैकी कोणाला तरी थंडी वाजत असणार. मी हाक मारली नाही. नंतर मी सिग्नलला उभी राहिले आणि एकटीने रस्ता ओलांडला. दोन्हीकडे बघितलं. आता मला गाड्यांची भीती वाटत नाही. खरं सांगायचं तर थोडी वाटली.

रात्री खुर्चीवर कपडे काढून ठेवते आणि मग आठवतं. तेच कपडे मग सकाळी मी घालते.

आत्याने तुला विचारलंय. तिला म्हटलं, तूच ये बघायला.

आता एक विचारायचं आहे. या रविवारी घरी राहायला येशील का? एक रात्र. मला ठाऊक आहे, रविवारी तुम्ही चौघी मिळून चादरी बदलता आणि तुझ्याकडे उशांचे अभ्रे आहेत. बाई म्हणाल्या की मागच्या रविवारी मी निरोप पाठवला तेव्हा तू ‘नाही’ म्हणालीस आणि अभ्रा घालत राहिलीस. त्याआधीच्या रविवारीही. तुझं ते ‘नाही’ बाईंनी प्रश्नावलीत लिहिलं असतं तर मी सगळ्यात वर लिहा म्हटलं असतं.

सोबत एक पाकीट आहे, त्यावर माझा पत्ता लिहिलाय. आत कोरा कागद आहे. ‘नाही’ तुला लिहिता येतं. तेच लिहून पाठवशील, मला माहीत आहे. तिकीट उलटं लावलंस तरी पोचेल.

तरी विचारते, ताई. येशील?

तुझी,
धाकटी